एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरचे जीवाणू



जीवसृष्टी सुरू कशी झाली, हा पनवेलच्या या संमेलनाचा विषय. या प्रश्नावर मराठी माणसाने थेट प्रयोग केलेला आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंगे यांचे म्हणणे असे, की जीवनाचे बीज अंतराळातून पृथ्वीवर आले असावे. अनेकांनी ते उडवून लावले. नारळीकरांनी ते तपासायला घेतले.

एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून खाली आली आणि हैदराबाद व पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासली गेली. जीवाणूंच्या १२ वसाहती वाढल्या. त्यांतल्या ९ पृथ्वीवरच्या ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळल्या. तीन जाती मात्र नव्या निघाल्या, आणि अतिनील किरणे सोसण्यात त्या आपल्या जवळच्या जातींपेक्षा चिवट होत्या. एकीला हॉईल यांचे नाव मिळाले, दुसरीला इस्रोचे, तिसरीला आर्यभटाचे.

'परग्रहावरचे जीव सापडले' अशी आरोळी ठोकण्याचा मोह व्हावा, असाच हा क्षण. पण २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट सांगितले, की हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. हा संयम त्या तीन जातींच्या शोधाइतकाच मोलाचा आहे. शिवाय बीज बाहेरून आले असे मानले, तरी ते तिथे कसे निर्माण झाले हा प्रश्न उरतोच.

हीच कसोटी नारळीकरांनी फलज्योतिषालाही लावली. २००८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांसह त्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या २०० कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कोणाची ते सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती.

यात श्रद्धेचा अपमान नाही. पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्यावर कर्णाई देवीचे देऊळ आहे, आणि वरचा सुळका सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या खडकाचा. देवीपुढे हात जोडणाऱ्याला खडकाचे वय कळले म्हणून त्याची भक्ती उणी होत नाही. मात्र कोणी त्या खडकाचे वय सहा हजार वर्षे सांगितले, तर पुरावा मागायलाच हवा. पृथ्वीवरच्या जीवनाच्या खुणा तर साडेतीनशे कोटी वर्षांइतक्या जुन्या आहेत.

म्हणून वक्त्यांना एक विनंती: आपण श्रद्धाळू असा वा नसा, प्रत्येक दाव्यासोबत तो कसा तपासता येईल हेही सांगा. आणि प्रश्नोत्तरांत ध्वनिक्षेपक आधी विद्यार्थ्यांकडे जाईल, मोठ्यांनी थोडे थांबावे.