लेकरू कोणाजवळ ठेवायचे?



आज आम्ही तुमच्याशी लेकरांविषयी बोलणार आहोत. किल्लारीच्या शिवारात सोयाबीनची खुरपणी लागली की बाई सकाळी भाकरी बांधून निघते. दिवस मावळताना परत येते. तेवढा वेळ तिचे तान्हे कुठे असते? बांधावर झोळीत असते. नाही तर थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. ती बहीण आठ-नऊ वर्षांची. तिची शाळा बुडते.

पूर्वी शेजारच्या आजीला "जरा बघा हो" म्हटले की भागायचे. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला. जुने गाव पडले. नव्या गावात घरे दूर दूर झाली. आता तसे जमतेच असे नाही.

ही अडचण फार जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्राकाठच्या बोर्डी गावात काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची मुले शाळेत येईनात. का? धाकटी भावंडे सांभाळायची होती ना! त्यांना रागावून काय होणार? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. धाकटे पाळण्यात, थोरली पाटीवर. मुले आली नाहीत, तर त्या त्यांच्या अंगणात गेल्या. त्यातूनच 'अंगणवाडी' हे नाव आले. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने देशात अंगणवाड्या काढल्या. नाव हेच ठेवले.

अंगणवाडीत खाऊ मिळतो. लेकरांचे वजन होते. पण तिथे बसवतात तीन वर्षांपुढच्या लेकरांना, आणि तेही दिवसातले थोडे तास. तान्ह्याचे काय?

त्यासाठी २०२२ पासून 'पाळणा' नावाची सरकारी योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचे लेकरू तिथे राहते. रोज साडेसात तास, महिन्यात २६ दिवस. खुरपणीचा दिवस याहून लांब असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण झोळीपेक्षा हे शंभरपट बरे.

कोणी म्हणेल, लेकरे सांभाळणे हे काय काम आहे? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात काय लिहिले होते, ते पाहा. कामावर बायांची सहा वर्षांखालची पाच लेकरे आली, तर एका बाईने ती सांभाळायची. तिला मजुरी इतरांइतकीच. म्हणजे ते काम आहे, असे कायद्यानेच म्हटले. घरच्या पुरुषांनीही हे ध्यानात घ्यावे. लेकरू एकट्या आईचे नसते.

पाळणाघर गावोगाव नाही. ते मागावे लागते. ग्रामसभेत विषय काढा. अंगणवाडीताईंना बरोबर घ्या. मग औशाच्या बालविकास कार्यालयात अर्ज द्या. अर्जात लेकरांची नावे आणि वये लिहा. आई किती वाजता जाते, किती वाजता येते, तेही लिहा. आता अंगठा नको, सही करा. दोन प्रती करा. एक तिथे द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी जपून ठेवा.