डोरोथीचा राग



अमेरिकेच्या फ्रँक बॉम यांनी १९०० साली ओझच्या जादूगाराची गोष्ट लिहिली. तीत वादळ डोरोथीला घरासकट ओझ देशी नेते. तेथे दुष्ट चेटकीण तिला भांडी घासावयास, केर काढावयास लावते आणि तिचा चांदीचा एक बूट लबाडीने लाटते. तेव्हा ही एवढीशी पोर संतापते व बादलीभर पाणी तिच्या अंगावर फेकते. चेटकीण विरघळून जाते!

१९३९ च्या चित्रपटात बूट माणकांचे झाले. रंगीत पडद्यावर ते खुलतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण तेथे डोरोथी पेटलेल्या बुजगावण्याला विझवू जाते आणि पाणी चेटकिणीवर उडते. पोरीचा राग गेला, दया तेवढी उरली. शेवटी तर सारे स्वप्नच ठरते! पुस्तकात ती खरोखर परत येते. काकांनी नवे घरही बांधलेले असते.

चित्रपट मुलींना अवश्य दाखवा, पण मूळ गोष्टही सांगा. आपल्या वस्तूसाठी रागावण्याचा मुलीला हक्क आहे, आणि तिने केलेल्या कामाला कोणी स्वप्न म्हणू नये.