'हळवा' शब्दाची जमीन



'हळवा' म्हटले की आज डोळ्यांत चटकन पाणी येणारा माणूस समोर उभा राहतो. या शब्दात अर्धे कौतुक असते, अर्धी कीव. कोकणातील शेतकऱ्याला मात्र 'हळवे' म्हणताच आठवते ते भात. वरकस, हलक्या जमिनीत पाणी टिकत नाही; तेथे १०० ते ११५ दिवसांत पिकणारे हळवेच पेरावे लागते. खोलगट, पाणथळ शेतात गरवे. त्याला महिनाभर अधिक लागतो. हळवे हे 'लघु'चे वंशज, गरवे 'गुरू'चे. वृत्तात लघु-गुरू मोजणाऱ्या कवींना ही जोडी शेताच्या बांधावरही भेटावी, यात मौज आहे.

हळव्याचा गुण आणि धोका एकच. ते आधी तयार होते, म्हणून कणगी रिती झालेल्या घरात नवा दाणा प्रथम त्याचाच येतो. पण पाऊस अजून सरलेला नसतो. हस्ताच्या सरींत पिकल्या लोंब्या आडव्या होतात, दाण्याला शेतातच कोंब फुटतात. आणि सभोवार सारे हिरवे असताना पाखरे उतरतात तीही यावरच. हळव्या माणसाचे याहून निराळे नाही. दुःख त्याच्यापर्यंत इतरांच्या आधी पोचते, इतकेच. त्याला दुबळा म्हणणे म्हणजे हळव्या भाताला किडके म्हणणे होय.

हाच दुबळेपणाचा शिक्का कारभाराच्या भाषेतही उमटतो. सहज घाव बसेल अशा स्थितीला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या लॅटिन मुळाशी 'जखम' आहे. त्यासाठी मराठीत कधी 'दुर्बल', कधी 'असुरक्षित' योजतात. हे दोन पर्याय सारखे नव्हेत. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांची गणना पूर्वी 'आदिम' जमातींत होई. २००६ साली केंद्र शासनाने ते विशेषण सोडून हा शब्द स्वीकारला. त्याचे मराठी 'दुर्बल' केले की उणीव कातकऱ्याच्या अंगची ठरते. 'असुरक्षित' केले की त्याचा आसरा कोणी काढून घेतला, हे विचारावे लागते; मग खैराचा कात काढून जगणाऱ्या या जमातीवर जंगलाचे निर्बंध कसे आले, तेथवर जाणे भाग पडते.

आज त्यांतील अनेक कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात. जाण्यापूर्वी दुसऱ्यांच्या शेतातले हळवे कापायला पुष्कळदा हेच हात असतात.