बुरशीची गोळी आणि बाकीच्या गोळ्या



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर कसा लिहायचा, यावरून संयोजकांची बरीच पंचाईत झाली म्हणे. ‘अंगावरून पांढरं जाणं’ हे शब्द चारचौघांत उच्चारायची आपल्याला सवयच नाही. त्या संकोचापायी बाई डॉक्टरकडे जात नाही. नवऱ्याला औषधाच्या दुकानात पाठवते, तो काउंटरवर काहीतरी पुटपुटतो आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी घरी येते. चिठ्ठी कुणी मागत नाही.

मी या गोळीच्या विरोधात नाही. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात एरवीही गुपचूप राहत असते. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, साखर वाढली किंवा दिवस गेले, की ती फोफावते. साध्या त्रासाला एक गोळी बहुधा पुरते. कुणाला डोकं दुखतं, मळमळतं, पोटात कळ येते, एखादा दिवस जुलाब होतात. यकृताला इजा किंवा अंगभर पुरळ हे क्वचितच होतं; पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा कातडीवर फोड आले, तर दुसरी गोळी न घेता दवाखाना गाठायचा.

बुरशीवरच्या औषधांशी आपला एक स्थानिक संबंध आहे. पुण्याजवळच्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत, तिथल्याच मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक निघालं. त्या जंतूच्या नावातच ‘पिंपरी’ आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! पिंपरी-चिंचवडकरांनाही हे फारसं माहीत नसतं.

असो. फ्लुकोनाझोलची खरी अडचण वेगळीच आहे. इतर औषधांचा निचरा यकृतातली जी विकरं करतात, त्यांतल्या काहींना ही गोळी अडवून धरते. शिवाय ती स्वतः अंगातून निम्मी जायलाच सुमारे तीस तास लागतात. म्हणजे एका गोळीचा अंमल काही दिवस टिकतो. तेवढ्या काळात रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन घेणाऱ्याच्या हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ शकतं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायू दुखतात. पित्तासाठी सकाळी अनोशापोटी घेतली जाणारी जी कॅप्सूल घरोघरी असते, तिच्यात पुष्कळदा डॉम्पेरिडोन असतं. ते आणि फ्लुकोनाझोल एकत्र आले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. पित्ताच्या कॅप्सूलला आपण औषधच समजत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही.

मधुमेहाचं प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचं. डॅपाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं चांगलं औषध. २०२० साली पेटंट संपलं आणि ते पुष्कळच स्वस्त झालं. ते जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. त्या साखरेवर बुरशी पोसली जाते आणि जननेंद्रियांना खाज सुटते, बायकांना आणि पुरुषांनाही. रुग्ण परस्पर फ्लुकोनाझोल घेतो. त्याला साखर उतरवणारं ग्लिमेपिराइडही चालू असेल, तर आता त्या औषधाचा निचरा मंदावतो आणि साखर धाडकन उतरते. घाम, थरथर, भोवळ. घरचे म्हणतात, उपास सोसला नाही. तीन गोळ्यांचं हे भांडण कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण मधुमेहाचे डॉक्टर वेगळे आणि खाजेबद्दल त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पण म्हणून मधुमेहाचं औषध आपल्या मनाने बंद करू नका. खाज सुटते, एवढं मात्र त्यांना सांगा.

दुसरा घोळ निदानाचा. दह्याच्या कवडीसारखं पांढरं आणि प्रचंड खाज असेल, तर बुरशीचा संशय घ्यायचा. पातळ, करडं, माशासारखा वास येणारं असेल, तर ते बहुधा जिवाणूंचं काम. तिथे ही गोळी फुकट जाते. यावर दुकानदाराचा तोडगा म्हणजे ‘किट’: अझिथ्रोमायसिन, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल एकाच पाकिटात. लैंगिक आजारांच्या उपचारात अशा किटला ठरलेली जागा आहे. पण साध्या बुरशीसाठी ते घेतलं, तर त्यातल्या अँटिबायोटिकने चांगले जंतू मारले जाऊन बुरशीलाच मोकळं रान मिळतं. हा मला शुद्ध आळशीपणा वाटतो.

मलमांचंही तेच. क्लोट्रिमाझोल एकटं असेल तर सहसा थोडी आग होते, इतकंच. पण त्यात स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक मिसळलेली ट्यूब लावली की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरते आणि जांघेतली कातडी पातळ पडते. २०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती मिळायची थांबली का, ते तुम्हीच सांगा. योनीत ठेवायच्या गोळ्या आणि क्रीम यांतल्या तेलकट पदार्थांनी निरोध कमकुवत होतो, हेही पाकिटावर बारीक अक्षरांत असतं.

दिवस गेलेले असतील, किंवा पाळी चुकली असेल, तर तोंडाने घ्यायची गोळी टाळा. गरोदरपणात योनीत ठेवायचं क्लोट्रिमाझोल, साधारण सात दिवस, हाच रूढ उपचार आहे. तोही डॉक्टरांना विचारून.

त्रास पहिल्यांदाच होत असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा वर्षात तीन-चारदा पुन्हा उलटत असेल, तर तपासणी करून घ्याच. वारंवार होणाऱ्यांनी रक्तातली साखर पाहावी आणि स्रावाची कल्चर तपासणी मागावी. कॅन्डिडाच्या काही जाती फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, पित्ताच्या कॅप्सूलसकट.