थट्टा आणि गुलालगोटा

जयपूर शहरात त्रिपोलिया बाजारातून आत वळणारी एक गजबजलेली गल्ली आहे. तिचे नाव ‘मणिहारों का रास्ता’. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या मुसलमान मणिहारांचा येथे पिढीजात व्यवसाय चालतो. एरवी या गल्लीत बांगड्यांचेच राज्य असते. परंतु फाल्गुन जवळ आला की त्याच शेगड्यांवर एक निराळी वस्तू आकार घेऊ लागते. तिला गुलालगोटा म्हणतात. लाखेचा लहानसा गोळा निखाऱ्यावर मऊ करावयाचा, बारीक फुंकणीच्या टोकास लावून तो बुडबुड्यासारखा हलकेच फुगवावयाचा, मग त्या पोकळीत गुलाल भरून तोंड बंद करावयाचे. होळीच्या सणात हा गोटा नेम धरून माणसाच्या अंगावर फेकतात. तो लागतो न लागतो तोच कवच फुटते आणि माणूस रंगून निघतो. पूर्वी जयपूरचे राजे हत्तीवर बसून प्रजेवर असे गोटे फेकीत. आता ते कोणीही विकत घ्यावे आणि कोणावरही फेकावे.

या गोट्याची सारी कारागिरी त्याच्या कवचात आहे. ते जाड राहिले तर गोट्याचा दगड होईल. फार पातळ झाले तर तो फेकणाऱ्याच्या हातातच फुटेल. फेकणारा कितीही उतावळा असला, तरी समोरच्यास इजा होऊ नये ही काळजी घडविणाऱ्याने आधीच वाहिलेली असते. मित्रांत आणि कचेरीत जी कृतीची थट्टा चालते, तिचेही शास्त्र याहून वेगळे नाही. फुटावयाचे ते गोट्याने. माणसाने फुटता कामा नये.

मराठीने थट्टेच्या कितीतरी पायऱ्या सांगितल्या आहेत. गंमत, थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा. वरची पायरी कोठे संपली आणि खालची कोठे लागली, हे करणाऱ्याला बहुधा कळत नाही. ज्याच्यावर ती होते त्याला मात्र तत्काळ कळते. मस्करीची कुस्करी होते ती याच अंतरामुळे.

शब्दांच्या थट्टेस शब्दांनी उत्तर देता येते. कृतीची थट्टा निराळी. जिची थट्टा करावयाची ती व्यक्ती अंधारात असल्याखेरीज ती साधतच नाही, आणि माणूस अंधारात राहतो तो विश्वासामुळे. अनोळखी इसमाने सांगितलेली गोष्ट चारदा पारखून घेणारा मनुष्य शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचा निरोप खरा मानून चालू लागतो. म्हणजे या खेळात जे खर्ची पडते ते दुसऱ्याने आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचे भांडवल असते. थट्टा साधली तर ते व्याजासह परत येते; फसली तर मुद्दलही बुडते.

समजा, एखाद्या कचेरीत नुकत्याच लागलेल्या एका कारकुनाच्या हाती त्याच्या सहकाऱ्यांनी बदलीचा खोटा हुकूम दिला. गाव दूरचे, हजर होण्याची मुदत आठ दिवसांची. कागद सरकारी, खाली सहीसारखी सही. चार वाजेपर्यंत त्याचा पडलेला चेहरा पाहावा, मग सारे उघड करून चहा मागवावा, एवढाच बेत. परंतु हा गृहस्थ तीन वाजताच रजा टाकून घरी गेला. आजारी आईला कोणाच्या हवाली करावे, मुलांच्या शाळेचे काय, भरलेल्या पागडीचे काय, याची चिंता त्या घराने रात्रभर वाहिली. दुसऱ्या दिवशी खरा प्रकार समजला तेव्हा सारे हसले, आणि तोही हसला. न हसून जातो कोठे? तो रागावला असता तर ‘इतके काय मनाला लावून घेता, राव!’ हे वाक्य तयारच होते. कृतीच्या थट्टेतील खरी सक्ती ती हीच. दुःख भोगणाऱ्यालाच वर हसण्याचा करही भरावा लागतो.

कचेरीत आणखी एक गोष्ट घडते. पाण्याप्रमाणे थट्टाही उतार पाहून वाहते. हेडक्लार्क उमेदवाराची थट्टा करतो, उमेदवार शिपायाची; शिपायाने साहेबाची केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. ही चाल उलटी फिरविण्याची सोय आपल्या लोकपरंपरेने मुद्दाम करून ठेवली आहे. जयपूरच्याच ब्रह्मपुरीत भट्ट घराण्याने पिढ्यानपिढ्या चालविलेला तमाशा होळीच्या सुमारास रंगतो आणि त्यातील गाण्यांतून चालू काळाच्या कारभाऱ्यांना चिमटे बसतात. महाराष्ट्राच्या तमाशातही वगातला सोंगाड्या राजाला भर सभेत वेड्यात काढतो. थट्टा वरच्या दिशेने फेकली की तिला धाडस लागते. खालच्या दिशेने फेकावयास केवळ जागा लागते.

थट्टेने किती मोठा अनर्थ होतो, याची एक जुनी साक्ष महाभारताच्या मौसलपर्वात आहे. द्वारकेत विश्वामित्र, कण्व आणि नारद आलेले पाहून यादवांच्या टोळक्याने सांबाला स्त्रीचा वेष दिला आणि ‘हिला काय होईल?’ असे विचारले. ऋषींनी मुसळाचा शाप दिला. त्या मुसळाचे चूर्ण समुद्रात टाकले गेले, किनाऱ्यावर एरका नावाचे गवत माजले, आणि पुढे प्रभासक्षेत्री तेच गवत उपटून यादवांनी एकमेकांस मारले. कुळाच्या अंताची कथा सांगताना व्यासांना तिचा आरंभ मित्रांच्या एका थट्टेत दिसावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आजचे मुसळ कारखान्यांत आहे. यंत्रांवरील धूळ उडविण्यासाठी दाबलेल्या हवेची नळी वापरतात. ती नळी गमतीने सोबत्याच्या शरीराशी नेल्यामुळे आतडी फाटून कामगार दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात अनेकदा छापून आल्या आहेत. नळी धरणारा बहुतेक वेळा वैरी नसतो; रोज एका डब्यात जेवणारा मित्र असतो. मणिहार फुंकणीतून हवाच घालतो आणि येथेही हवाच असते. परंतु पहिल्याला किती फुंकावे हे ठाऊक असते.

विद्यालयांत हीच गोष्ट रॅगिंग या नावाने वावरली. अखेर कायद्याला मध्ये पडावे लागले. महाराष्ट्राने 1999 साली केलेल्या रॅगिंगविरोधी कायद्यात विद्यार्थ्याला धमकावणे व दुखापत करणे यांच्याच पंक्तीला त्याची चेष्टामस्करी करणेही बसविले आहे, आणि अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली देशभरासाठी विनियम केले. ज्या गोष्टी चार मित्रांच्या समजुतीने सुटावयाच्या त्यांच्यासाठी कलमे लिहावी लागली, यात विनोदाचा पराभव आहे.

मग काय, थट्टा करूच नये? तसे झाले तर कचेरी म्हणजे केवळ टेबले आणि मैत्री म्हणजे केवळ ओळख उरेल. जेथे कोणी कोणाची खोडी काढीत नाही, तेथे बहुधा कोणाचे कोणावर प्रेमही नसते. प्रश्न फक्त कवचाचा आहे. त्यासाठी तीन साधे प्रश्न पुरेत. हा रंग सायंकाळपर्यंत धुऊन निघेल काय? ज्याच्यावर तो पडणार, तो उद्या तसाच गोटा आपल्यावर फेकू शकेल काय? आणि घरी गेल्यावर ही हकीकत तो आपल्या माणसांना स्वतः होऊन, हसत हसत सांगेल काय? या तिन्हींचे उत्तर होय असेल तर खुशाल नेम धरावा.

रंग खेळून झाला की जयपूरच्या रस्त्यांवर लाखेच्या पातळ कवचांचा चुरा पडलेला असतो. गोटे घडविणारा मुसलमान कारागीर आणि ते फेकणारा हिंदू गिऱ्हाईक यांच्यामध्ये पिढ्यानपिढ्या जो व्यवहार चालत आला, तोही विश्वासाचाच. गोटा फुटेल आणि माणूस शाबूत राहील, या एका भरवशावर तेथे लोक उघड्या अंगणात उभे राहून नेम आपल्या छातीवर घेतात. कचेरीतील सहकाऱ्याला आणि जुन्या मित्राला तेवढाच भरवसा देता आला, म्हणजे थट्टेचे सार्थक झाले.