फोटोच्या पाठीवरचे नाव

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)





आपल्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासावर मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेच्या चालकांची इच्छा आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. तेव्हा या इतिहासात एकाच दाराने आत शिरावयाचे असे मी ठरविले आहे. ते दार म्हणजे जुने फोटो. पुस्तक वाचावयास विद्या लागते, पण फोटो लहान मुलालाही बोलावून घेतो. मात्र फोटो अर्धेच बोलतो. उरलेले अर्धे कोणीतरी सांगावे लागते. आज मला सांगावयाचे आहे ते या उरलेल्या अर्ध्याविषयी.

आपल्या जिल्ह्याच्या फोटोंचा विषय निघाला की प्रथम सेवाग्राम आठवते, आणि ते योग्यच आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या लहानशा खेड्यात आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. या आश्रमात कनू गांधी नावाचा एक तरुण होता. तो गांधीजींचा नातू लागत असे, त्यांच्या पुतण्याचा मुलगा. त्याला फोटो काढण्याची हौस होती. घनश्यामदास बिर्ला यांनी त्याला शंभर रुपये दिले आणि त्यातून त्याने रोलिफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅशचा दिवा वापरावयाचा नाही, फोटोसाठी कोणाला उभे राहावयास सांगावयाचे नाही, आणि या कामासाठी आश्रमाच्या पैशातून काही मागावयाचे नाही.

या तीन अटींमुळे आपले मोठे कल्याण झाले. कोणी सजून बसले नाही, म्हणून रोजचे जगणे जसेच्या तसे कागदावर उतरले. १९३८ साली आश्रमातल्या कुटीत टेलिफोन कानाला लावून बसलेले गांधीजी आपण पाहतो. महारोगाने पीडित झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करताना त्यांना पाहतो. पण विद्यार्थ्यांनो, तुम्ही अशा फोटोंत थोडे मागेही पाहा. मातीच्या भिंती, बांबूच्या तट्ट्या, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. आपल्या आजोबा-पणजोबांची घरेही अशाच सामानाने उभी राहिली होती. त्या घरांचे फोटो कोणी काढले नाहीत, पण ती कशी होती हे सेवाग्रामचे फोटो पाहून कळते.

दुसरी गोष्ट लक्षात घ्या. परचुरे शास्त्री आजारी होते, परके होते, लोक त्यांच्या जवळ जावयास भीत असत. तरीही फोटोतील तो रुग्ण कोण, हे आज आपण नावानिशी सांगू शकतो. कारण कोणीतरी ते नाव लिहून ठेवले.

वर्ध्याच्या या काळात आपल्या समाजातील थोर माणसेही वावरली आहेत. बादशाह खान, म्हणजे खान अब्दुल गफार खान, १९३४ साली हजारीबागच्या तुरुंगातून सुटले, परंतु स्वतःच्या सरहद्द प्रांतात जाण्यास त्यांना बंदी होती. तेव्हा ते वर्ध्यास जमनालाल बजाज यांच्याकडे येऊन राहिले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना वर्ध्यातच अटक झाली. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ व २३ तारखेला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा, काका कालेलकर आणि कुमारप्पा हेही त्या समितीत होते. मुलाने हाताने काम करीत मातृभाषेतून शिकावे, ही नई तालीमची योजना या समितीने मांडली. पुढे १९६७ साली झाकिरसाहेब राष्ट्रपती झाले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव वर्ध्यात केला, त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. ही माणसे आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवरून गेलेली आहेत, याचा अभिमान आपणांस वाटला पाहिजे.

परंतु या थोरांची नावे विसरली जाण्याची भीती नाही. माझी चिंता वेगळ्या माणसांची आहे.

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता. त्या ग्रंथात फोटो आहेत. दुसऱ्या खंडात कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याचा एक फोटो आहे. पिंजारी म्हणजे आपलीच माणसे. आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडच्या बाजारापर्यंत गेले होते. शेतकऱ्याने पऱ्हाटी लावली, बायांनी बोंडे वेचली, जिनिंगमध्ये सरकी निघाली, आणि पिंजाऱ्याने कापूस पिंजला तेव्हा गरिबाच्या घरी थंडीसाठी गादी-रजई झाली. असा हा उपयोगी माणूस. पण फोटोखाली काय लिहिले आहे? पिंजारी कापूस साफ करीत आहे, एवढेच. त्याचे नाव नाही. त्याला आई-बापांनी नाव ठेवले होते, त्याचा अकीका झाला होता, निकाह झाला होता. पण शंभर वर्षांनंतर तो केवळ आपल्या धंद्याच्या नावाने उरला आहे. ज्यांनी फोटो छापला त्यांना जात पाहावयाची होती, माणूस नव्हे.

हे झाले परक्यांच्या पुस्तकाचे. पण बंधूंनो, आपल्या घरी काय स्थिती आहे?

मी माझीच चूक सांगतो. आमच्या घरच्या लोखंडी पेटीत एक ग्रुप फोटो सापडला. जिनिंगच्या आवारात काढलेला, मागे कापसाच्या गठाणी, पुढे चौदा माणसे. त्यांपैकी मला फक्त माझे आजोबा ओळखू आले. मोहल्ल्यातील एका वृद्ध चाचांकडे मी फोटो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नऊ नावे सांगितली. हा कुठला, त्याची बंडी कोणती, याचा मुलगा पुढे कुठे गेला, सारे सांगितले. मग म्हणाले, "बेटा, बाकीची पाच आठवून ठेवतो. पुढच्या जुम्म्याला ये." मी नावे लिहून घेतली नाहीत, लक्षात राहतील असे वाटले. पुढच्या जुम्म्याला काही कामामुळे गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या जुम्म्याला गेलो तो चाचांच्या जनाज्याला. आज त्या नऊ नावांपैकी मला सहा आठवतात. उरलेली आठ माणसे माझ्याकडे पाहत उभी आहेत, आणि त्यांना हाक मारता येत नाही.

ही खंत मी आपणांपुढे ठेवतो आहे, ती आपल्या घरी असे घडू नये म्हणून.

कोणी म्हणेल, आमच्या घरी फोटो आहेतच कुठे? हे खरे आहे. आपल्याकडे पुष्कळ वडीलधारी मंडळी दीनच्या विचाराने तसबिरीपासून दूर राहिली. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. कित्येक घरांत दादा किंवा दादीचा एकुलता एक फोटो म्हणजे हजला जाताना पासपोर्टसाठी काढलेला. स्त्रियांचे फोटो तर त्याहून कमी. ज्या घरी फोटो नाही किंवा तो काढणे मान्य नाही, तेथे नावे लिहून ठेवावयास कोणतीच अडचण नाही. निकाहनामा, शाळेचा दाखला, दुकानाची वही, जुनी पत्रे, हीही साक्षीदारच आहेत. आणि इमारतींच्या फोटोबद्दल तर कोणाचीच हरकत नसावी.

इमारतींचे सांगावयाचे तर आपला जिल्हा श्रीमंत आहे. आष्टी येथे महंमद खान नियाझी यांची कबर व तिच्यावरील मोगल पद्धतीची इमारत आहे. जहांगीर बादशाहाने त्यांना आष्टी, पवनार, तळेगाव हा मुलूख जहागीर दिला होता. १६२७ साली ते वारले. शेजारी त्यांचे पुत्र अहमद खान यांची कबर आहे. त्याच आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी लोकांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला आणि प्राण दिले. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, तेथे हिंदू व मुसलमान दोघेही जातात. टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे व्यापाऱ्याचे दगड झालेले नारळ, अशी कथा तुम्ही आजीकडून ऐकली असेल. आर्वीला तेलंगराव वलींची समाधी आहे. ते ब्राह्मण होते असे कोणी म्हणतो, मुसलमान होते असे कोणी म्हणतो, पण हात दोघेही जोडतात. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली तेव्हा आपल्या जिल्ह्यातून गेली. जिल्ह्याचे ठाणे पूर्वी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, ते १८६६ साली पालकवाडी गावाच्या जागी हलविले, आणि तेथे सरळ रस्त्यांचे वर्धा शहर वसले. पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी गाडी १९१७ साली सुरू झाली. आता ती धावत नाही. तिच्यात बसून बाजाराला गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा. इमारत पडते, रंग बदलतो, रस्ता रुंद होतो. फोटो असेल तर निदान काय होते ते कळते.

आता विद्यार्थी मित्रांसाठी एक खेळ सांगतो. जुन्या फोटोवर तारीख नसली तरी ती शोधता येते. मागे दुकानाची पाटी आहे काय ते पाहा. पाटीवर पिन कोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण त्या दिवशी पिन कोड सुरू झाला. किंमत 'नये पैसे' अशी लिहिली असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचा. सरकारी पाटीवर मध्य प्रदेश लिहिले असेल तर १९५० ते १९५६ मधला, मुंबई राज्य असेल तर १९५६ ते १९६० मधला, कारण आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असला तर गाव कळते. अशा रीतीने अभ्यासातील इतिहास आणि घरातील इतिहास एकमेकांना भेटतात.

फोटो जपण्याविषयी दोन-चार साध्या गोष्टी. पाठीवर लिहावयाचे ते मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई झिरपते. फोटो डिंकाने चिकटवू नका. कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा, ओलसर भिंतीला लावलेल्या कपाटात नको. आज खिशाखिशात मोबाइल आहे, त्याने नक्कल जरूर काढा, पण मूळ फोटो टाकून देऊ नका. नक्कल काढताना पाठीचीही काढा. कित्येक फोटोंच्या पाठीवर वडिलांनी उर्दूत काही लिहिलेले असते. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ते वाचता येत नाही, म्हणून ते रेघोट्या समजून सोडून दिले जाते. ते दादांकडून वाचून घ्या आणि खाली मराठीत लिहा. दोन्ही लिप्या शेजारी शेजारी नांदू द्या.

संस्थेला माझी एक विनंती आहे. शाळेत एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने घरचा एक जुना फोटो, कागद किंवा आठवण निवडावी आणि वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: कोण, कोठे, केव्हा, काय करीत आहेत, आणि हे कोणी सांगितले. घरचा फोटो घरीच राहावा, शाळेत फक्त नोंद व नक्कल असावी. घरातील स्त्रियांचे फोटो द्यावयाचे की नाही हे त्या घराने ठरवावे, पण त्यांची नावे मात्र वगळू नयेत. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असे लिहून थांबू नका. त्यांनाही नाव होते. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर या नोंदींपैकी काही वाचून दाखवाव्यात. यास खर्च फारसा नाही. एक वही, एक पेन्सिल आणि वडीलधाऱ्यांजवळ बसण्याची तयारी, एवढेच लागते.

पालकांनो, मुले विचारू लागली तर त्यांना "आता वेळ नाही" म्हणू नका. आणि मुलांनो, दादा-दादी, नाना-नानींकडे आजच जा. पुढच्या जुम्म्यावर टाकू नका. पिंजाऱ्याचे नाव आता कोणी सांगू शकणार नाही. पण तुमच्या पेटीतील माणसांची नावे सांगणारे कोणीतरी या सभागृहातही बसले असतील.



खुदा हाफिज. जय हिंद.