नगरसेवकाविना चार वर्षे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)

साथींनो,

मुंबई महानगरपालिकेच्या कारभारावर बोलण्याचे काम आज माझ्याकडे आले आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, नवे सभागृह आले. मग आता मागचे उगाळून काय मिळणार, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मला तसे वाटत नाही. ७ मार्च २०२२ रोजी जुन्या सभागृहाची मुदत संपली, आणि तेव्हापासून जवळजवळ चार वर्षे २२७ प्रभागांच्या या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. एवढे होऊनही शहर अस्वस्थ झाले नाही. निवडणुकीच्या निकालापेक्षा ही शांतता मला अधिक चिंतेची वाटते.

राज्यघटनेत या बाबतीत संदिग्धता नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्यापूर्वीच निवडणूक पुरी व्हावी, असे बंधन घातले. हे बंधन पाळलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले. तरीही प्रभागांची संख्या २२७ की २३६ आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, या दोन वादांत वर्षांमागून वर्षे गेली. मागासवर्गीयांचे आरक्षण हा आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पण ज्यांना सभागृहात जागा मिळावी म्हणून हा झगडा चालला, त्यांच्यासाठी ते सभागृहच चार वर्षे बंद राहिले! अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कोठे यंत्रणा हलली. सरकारला निवडणुकीची घाई नव्हती, हे उघड आहे. ती का नव्हती, हे समजण्यासाठी महापालिकेच्या कारभाराची रचना पाहिली पाहिजे.

१८८८ च्या कायद्याने मुंबईत कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती ठेवली आहे, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. लोकप्रतिनिधींच्या हाती अधिकार थोडे. पण एक मोठा अधिकार त्यांच्याकडे आहे. आयुक्ताने प्रस्ताव मांडायचा आणि मोठ्या खर्चाला स्थायी समितीने किंवा सभागृहाने मंजुरी द्यायची. मार्च २०२२ नंतर आयुक्तच प्रशासक झाले. मागणारा तोच, देणारा तोच, आणि हिशेब विचारणाराही तोच! २०२३-२४ चा ५२,६१९ कोटी रुपयांचा, २०२४-२५ चा ५९,९५४ कोटींचा आणि २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा, असे तीन अर्थसंकल्प एकाही निर्वाचित सभासदाच्या चर्चेवाचून मंजूर झाले. सहा हजार कोटींहून अधिक रकमेची रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे याच काळात दिली गेली.

राजकारणाला दूर ठेवून तज्ज्ञ प्रशासनाने कारभार केला, असे म्हणावे तर तेही खरे नाही. जुलै २०२३ मध्ये उपनगर जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना महापालिकेच्या मुख्यालयातच दालन मिळाले. म्हणजे राजकारण गेले नाही. गेला तो विरोधी पक्ष. लोकांनी पालिकेसाठी निवडलेला माणूस बाहेर राहिला आणि मंत्रालयातून आलेला माणूस आत बसला. ज्या वस्तीतला नळ कोरडा, तिथल्या बाईने हक्काने गाठावे असे दार उरले नाही. उरली ती आमदाराची मेहेरबानी आणि मंत्र्याची शिफारस. नागरिकाचा याचक होतो तो असा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नगरसेवक असताना तरी काय होत होते? टक्केवारी नव्हती काय? कंत्राटदारांशी संगनमत नव्हते काय? होते. आपण त्याविरुद्ध बोललोही आहोत. परंतु स्थायी समितीत पाप होत असेल, तर निदान तिथे विरोधकाला प्रश्न विचारता येत होता, त्याची नोंद होत होती, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ती छापून येत होती. बंद दालनात सही होते तेव्हा सौदा थांबतो असे नाही. त्याचा साक्षीदार तेवढा नाहीसा होतो. घराला वाळवी लागली म्हणून दारे-खिडक्या चिणून घेण्यात कसले शहाणपण?

साथींनो, डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर सत्ता उभी राहावी, असे त्यांचे म्हणणे होते. महानगराच्या बाबतीत पायाचा खांब म्हणजे महापालिका. मृणालताई गोरे १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या, परंतु त्यापूर्वीच त्या गोरेगावच्या नगरसेविका होत्या आणि ‘पाणीवाली बाई’ म्हणून शहर त्यांना ओळखत होते. नळाच्या प्रश्नावर बायकांना संघटित करणे आणि तोच प्रश्न सभागृहात नेऊन अधिकाऱ्यांना जाब विचारणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली. मोर्चाला सभागृह हवे आणि सभागृहाला मोर्चा हवा, हा त्यांच्या कामाचा धडा आहे. आपण पुढे मोर्चे काढीत राहिलो, पण सभागृहाकडे पाठ फिरवली. म्हणूनच ते बंद झाले तेव्हा फारशा कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही.

नवे सभागृह आले म्हणजे काम संपले, असे समजू नका. प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे कमाल तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथे खऱ्या काम करणाऱ्या संस्थांची माणसे जावीत यासाठी दबाव आणा. राज्याच्या नागरी कायद्यांत २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. म्हणजे गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. ती कागदावरच राहिली आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे, तो कोणत्याही पक्षाचा असो, ती बोलावण्याची लेखी मागणी करा. त्याने बोलावली नाही, तर चाळीच्या अंगणात, वस्तीच्या चौकात आपण लोकांची सभा घ्या. प्रभागासाठी किती रक्कम मंजूर झाली, ती कुठे खर्च झाली, हे अर्थसंकल्पातून काढून सोप्या मराठीत फळ्यावर लिहा.

या कामाला टाळ्या मिळणार नाहीत आणि वर्तमानपत्रात फोटोही येणार नाही. पण उद्या कोणत्याही सरकारने पुन्हा सभागृहाला कुलूप लावण्याचे मनात आणले, तर त्या कुलपासमोर प्रभागाप्रभागांतून माणसे येऊन उभी राहिली पाहिजेत. ती माणसे ऐन वेळी गोळा होत नाहीत. त्यांना आजपासून जोडावे लागेल, आणि ते आपल्यालाच करायचे आहे.